कोडिंग बूटकॅम्प: फी भरण्याआधी काय करावं, नंतर काय

बारा ते चोवीस आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ-दहा तास फक्त प्रोग्रॅमिंग. हा प्रकार ‘बूटकॅम्प’ या नावाने २०१२ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत गाजू लागला. सुरुवातीच्या संस्थांपैकी एक, डेव्ह बूटकॅम्प, २०१७ मध्ये बंदही झाली. आपल्याकडे हे नाव येण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा ‘डॅक’ हा डिप्लोमा चालू होता आणि त्याचा साचा तोच: सहा महिने, दिवसभर लेक्चर आणि लॅब, शेवटी प्रोजेक्ट, मग कंपन्या. आता ‘सहा महिन्यांत आयटी’चे फलक गल्लोगल्ली दिसतात. शॉप फ्लोअर, बँकेचं काउंटर, शाळा किंवा औषधांची विक्री सोडून या वाटेने येऊ बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू दे. क्लासमध्ये शिकवतात तो अभ्यासक्रम नेटवर फुकट मिळतो. फी जाते ती तीन गोष्टींसाठी: मोडता न येणारं वेळापत्रक, अडल्यावर विचारायला माणूस आणि कंपन्यांपर्यंतची ओळख. यातली तिसरी गोष्ट खरी आहे की नाही ते पैसे देण्याआधीच तपासता येतं. पहिल्या दोन तुम्हाला पुरतील की नाही, तेही आधीच कळू शकतं. म्हणून या लेखाचा बराचसा भाग फी भरण्याआधीचा आहे.

पहिली पायरी: सहा आठवडे, नोकरी न सोडता

रोज दीड तास आणि रविवारी चार तास. सहा आठवड्यांत साधारण ऐंशी तास होतात. पहिले दोन आठवडे एकच भाषा धरा, पायथन किंवा जावास्क्रिप्ट: व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप, फंक्शन. तिसऱ्या आठवड्यात अॅरे, स्ट्रिंग आणि फाइल वाचणं. चौथा पूर्ण एसक्यूएलला द्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेला. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन. एसक्यूएल कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक ते पुढे ढकलतात, पण फ्रेशरच्या मुलाखतीत हमखास विचारलं जातं ते हेच. पाचव्यात टर्मिनल (टाइप करून कमांड द्यायची खिडकी), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि थोडं एचटीएमएल. सहावा आठवडा परीक्षेचा.

साधनांना पैसे लागत नाहीत. हार्वर्डचा सीएस-५०, फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट हे इंग्रजीतले चांगले पर्याय. इंग्रजी ऐकताना धाप लागत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, जावा अशा विषयांचे मराठीत डब केलेले धडे आहेत. सुरुवात त्यांवर करा, पण तिसऱ्या आठवड्यापासून इंग्रजीकडे वळा, कारण एरर मेसेज मराठीत येत नाहीत.

आता परीक्षा. कोरी फाइल उघडा, तयार उत्तर शोधू नका, एआयला विचारू नका आणि दोन तासांत हे करून बघा: एका फाइलमध्ये पन्नास घरांची वीज युनिट आहेत, प्रत्येकाचं बिल काढायचं. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि पुढे चौथा. दर कुठल्याही बिलाच्या मागून घ्या. नवखा माणूस इथे जवळजवळ ठरलेली चूक करतो: ३४० युनिट तिसऱ्या टप्प्यात येतात म्हणून अख्ख्या ३४० ला तिसरा दर लावतो. खरं तर पहिले १०० पहिल्या दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने आणि उरलेले फक्त ४० तिसऱ्या दराने. मग नेमक्या १०० युनिटला काय होतं? ‘पेक्षा कमी’ लिहिलं की ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’? फाइलमधल्या एका ओळीत युनिटची जागा रिकामी असेल तर?

बिल पहिल्या फटक्यात बरोबर येणं महत्त्वाचं नाही. चुकलेलं बिल हाताने मांडून, कुठली ओळ चुकली हे शोधण्यात तुमचा तास कसा गेला, ते बघा. चिडचिड झाली पण सोडवेना, असं असेल तर पुढे जा. सहा आठवड्यांत पंधरा दिवस लॅपटॉप उघडलाच नसेल, तर क्लासचं वेळापत्रक तो प्रश्न सोडवणार नाही. फक्त त्याची किंमत लाखभर रुपये होईल. जे लूप पहिल्यांदा क्लासमध्येच बघतात, ते तिसऱ्या आठवड्यात मागे पडतात आणि पुढे भरून काढायला रविवारसुद्धा उरत नाही.

दुसरी पायरी: जुना धंदा टाकून देऊ नका

फुल-स्टॅक डेव्हलपर (वेबसाइटचा समोर दिसणारा फ्रंटएंड आणि मागे सर्व्हरवर चालणारा बॅकएंड दोन्ही लिहिणारा) ही एकच वाट नाही, आणि जिथे बावीस वर्षांची पोरं हजारोंनी उभी आहेत त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहण्यात शहाणपणही नाही. हिशेबाचं काम केलेल्याला ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर), बँकिंग सॉफ्टवेअर किंवा डेटा अॅनालिसिसमध्ये उडी छोटी पडते; डेबिट-क्रेडिट त्याला कोणी शिकवायला लागत नाही. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला पुण्यात गाड्यांचं एम्बेडेड (यंत्राच्या आत चालणारं) सॉफ्टवेअर आणि पीएलएमचं, म्हणजे उत्पादनाच्या डिझाइनपासूनची माहिती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम आहे. दवाखाना किंवा लॅबचा अनुभव असेल तर आरोग्याच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग. सगळ्यात सोपी वाट मात्र लोक बघतच नाहीत: आहात त्याच कंपनीचा आयटी विभाग. कारखान्यात एसएपी (असंच एक ईआरपी) असेल आणि तुम्हाला स्टोअरची रड माहीत असेल, तर एसक्यूएल आणि थोडी स्क्रिप्टिंग शिकून आतल्या आत बदली मागता येते. तेवढं जमलं तर हा लेख इथेच मिटला तरी हरकत नाही.

तिसरी पायरी: पैशांचा हिशेब दहा महिन्यांचा धरा

सहा महिने कोर्स आणि चार महिने नोकरीचा शोध. पुण्यात शेअरिंगची खोली, मेस आणि प्रवास मिळून महिना पंधरा हजार धरले तर दीड लाख. फी लाखाच्या आसपास, आणि जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो का ते विचारा: नव्वद हजारांचे एक लाख सहा हजार दोनशे होतात. लॅपटॉप घ्यायचा तर आणखी पन्नास-साठ हजार. म्हणजे तीन लाखांच्या वर. घरी ईएमआय चालू असेल तर तो यात नाही.

दुसऱ्या बाजूला पगार. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज वर्षाला साधारण साडेतीन-चार लाखांच्या घरात असतं. त्यातून पीएफचे दोन्ही वाटे, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल गेलं की हातात पंचवीस-तीस हजार येतात. आत्ता पंचेचाळीस हजार मिळत असतील तर पहिली दोन वर्षं खाली उतरावं लागेल. हे घरच्यांना आधी सांगा. ऑफर लेटर हातात घेऊन सांगायला गेलात तर भांडण होतं.

चौथी पायरी: संस्था तपासणं

इथे घाई करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. समुपदेशक म्हणवणारा माणूस बहुतेक वेळा सेल्सचा असतो आणि ‘आज भरलं तर वीस हजार सूट’ हे त्याचं रोजचं वाक्य. घरी या, दोन दिवसांनी जा. सूट तिथेच असते.

पहिला प्रश्न प्लेसमेंटच्या टक्केवारीचा. ‘९५ टक्के’ हे कशाचे? प्रवेश घेतलेल्यांचे, कोर्स पूर्ण केलेल्यांचे, की ‘प्लेसमेंटला पात्र’ ठरलेल्यांचे? शंभरातून चाळीस जणांना मॉक टेस्टमध्ये गाळलं आणि उरलेल्या साठांतून सत्तावन्नांना नोकरी लागली तर ९५ टक्के होतात, पण तुमच्या दृष्टीने ते सत्तावन्नच. मागच्या दोन बॅचचे आकडे लेखी मागा: किती आले, किती टिकले, सहा महिन्यांत किती लागले, मधला पगार किती. सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, ते न विचारताच सांगतात.

दुसरा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, आणि करिअर बदलणाऱ्याचं नशीब त्यावरच ठरतं: तुमच्याकडे येणाऱ्या कंपन्या पदवीच्या कुठल्या वर्षाच्या मुलांना बसू देतात? बऱ्याच ड्राइव्हमध्ये (भरतीच्या मोहिमांत) गेल्या एक-दोन वर्षांतच पास झालेले, दहावीपासून पदवीपर्यंत ६० टक्के आणि शिक्षणात खंड नसलेले, अशा अटी असतात. तुम्ही २०१६ ला पदवी घेतली असेल, तर महिन्याला वीस कंपन्या येऊन तुम्हाला एकाच मुलाखतीला बसता येईल. म्हणून तुमचं पासिंग इयर आणि टक्के सांगा, आणि मागच्या बॅचमधले असेच दोन विद्यार्थी बोलायला मागा. मिळालेलं नाव लिंक्डइनवरच्या प्रोफाइलशी ताडून बघा. तिथे तो माणूस नोकरीला लागला आहे की त्याच क्लासमध्ये शिकवतो आहे, हेही दिसतं. स्वतःच्याच विद्यार्थ्यांना ‘ट्रेनर’ म्हणून ठेवून टक्केवारी वाढवायची युक्ती जुनी आहे.

तिसरा प्रश्न लेखी अटींचा. ‘झिरो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज. संस्थेला पैसे वित्त कंपनीकडून मिळून जातात. तुम्ही दुसऱ्या महिन्यात सोडलं किंवा क्लासला टाळं लागलं तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकला तर सिबिल बिघडतं. सही करण्याआधी कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (मुख्य अटींचा कागद) मागा, त्यात खरा वार्षिक दर बघा आणि कूलिंग-ऑफ, म्हणजे दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडायची मुदत, किती दिवसांचा आहे ते वाचा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांच्या नियमांत या दोन्ही गोष्टी ग्राहकाच्या हक्काच्या आहेत.

‘नोकरी लागल्यावर फी द्या’ हे ऐकायला गोड असतं. ५ लाखांच्या पॅकेजवर १५ टक्के, तीन वर्षं, म्हणजे सव्वादोन लाख. टक्के सीटीसीवर (कागदावरच्या पूर्ण पॅकेजवर) की हातात येणाऱ्यावर? किती पगारापासून सुरू? तुम्ही परत जुन्याच क्षेत्रात नोकरी धरली तर? कमाल रक्कम किती? अमेरिकेत लॅम्बडा स्कूल, म्हणजे पुढचं ब्लूमटेक, याच पद्धतीने गाजलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने त्यांच्यावर कारवाई केली. हे करार म्हणजे कर्जच होतं हे विद्यार्थ्यांपासून लपवलं गेलं, आणि जाहिरातीत प्लेसमेंट ८६ टक्क्यांपर्यंत सांगत असताना संस्थेचे आतले आकडे ५० च्या आसपास होते, असं ब्युरोने नोंदवलं.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. हमखास निवड किंवा नोकरीची हमी असे खोटे दावे त्यात बसत नाहीत. तेव्हा ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’चा फलक दिसला की फोटो काढून ठेवा. माहितीपत्रक, व्हॉट्सअॅपवरची आश्वासनं, पावती सगळं जपा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तीन गोष्टी दिसल्या तर चर्चाच थांबवा: मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं, ‘बॅकडोअर’ नोकरीसाठी पैसे मागणं, आणि तीन वर्षांचा अनुभव ‘लावून देतो’ म्हणणं. शेवटच्याबद्दल पुढे.

सी-डॅकच्या पीजी-डॅकचं (सुरुवातीला आलेला ‘डॅक’ तो हाच) वेगळं सांगायला हवं, कारण अजूनही कंपन्या त्याला ओळखतात. साधारण ९०० तासांचा कोर्स, वर्षातून दोन प्रवेश. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डॅकसाठी ए आणि बी हे दोन विभाग, प्रत्येकी एक तास आणि ५० प्रश्न, बरोबरला ३ गुण, चुकीला १ वजा. ए मध्ये इंग्रजी, गणित आणि तर्क. बी मध्ये सी, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग. वजा गुण असल्यामुळे आंधळेपणी ठोकू नका. इंजिनिअरिंग, एमसीए किंवा गणित-भौतिकशास्त्रासारख्या विषयांतली पदव्युत्तर पदवी असेल तर हा दरवाजा उघडतो, नुसत्या बी.कॉम. किंवा बी.ए. ला नाही. टक्क्यांची अट आणि फी त्या-त्या बॅचच्या माहितीपुस्तिकेत बघा. रँक लागली की केंद्र निवडताना घराजवळचं नको, प्लेसमेंटचं बघा; एकाच कोर्सचे निकाल केंद्रागणिक वेगळे असतात.

पाचवी पायरी: नोकरी सोडणं आणि सामान

नोटीस पिरियड पूर्ण करा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन पगारस्लिपा आणि फॉर्म १६ घेतल्याशिवाय गेट ओलांडू नका. वर्षभराने मागायला गेलं की एचआर बदललेला असतो.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी हवी, प्रोसेसर आय-५ किंवा रायझन-५. आठ जीबीवर एडिटर, ब्राउझर, डेटाबेस आणि सर्व्हर एकदम चालवले की मशीन अडतं आणि तुम्हाला वाटतं आपला कोड चुकला. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नका.

सहावी पायरी: बॅच सुरू झाल्यावर

सर बोर्डवर लिहितात, मुलं पाठोपाठ टाइप करतात, प्रोग्रॅम चालतो आणि कळल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलवर तेच येत नाही. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: रोज सकाळी लेक्चरआधी अर्धा तास, कालचा प्रोग्रॅम न बघता पुन्हा लिहा. जिथे अडाल तेवढंच वहीतून बघा. दिवसभराच्या आठ तासांत या अर्ध्या तासाचा उपयोग सगळ्यांत जास्त.

एरर आली की स्क्रीनवर लाल ओळींचा ढीग पडतो. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये पहिली ओळ वाचा, चूक कुठल्या प्रकारची ते तिथे लिहिलेलं असतं (पायथनमध्ये ते शेवटच्या ओळीत असतं आणि शोध खालून वर घ्यायचा). मग खाली जात तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. मधल्या तीस ओळी लायब्ररीच्या (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) असतात, त्यांच्याशी तुमचं भांडण नाही. अर्ध्या तासाच्या वर एकटं झगडू नका. पण विचारायला जाताना ‘सर, चालत नाहीये’ म्हणू नका. काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि काय करून पाहिलं, या तीन ओळी कागदावर लिहा. निम्म्या वेळा तिसरी ओळ लिहितानाच चूक सापडते.

ठरावीक अडथळे ठरावीक जागी येतात. पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअर टाकलं तरी टर्मिनल कमांड ओळखत नाही: पाथ (कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी) सेट झालेला नसतो, किंवा टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलेलं नसतं. पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर चालतो तो) आधीच वापरात आहे असं आलं तर कालचा सर्व्हर मागे चालूच आहे. फ्रंटएंड आणि बॅकएंड जोडताना कॉर्सची एरर येते. ब्राउझर एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरचं उत्तर वाचू देत नाही, आणि परवानगी बॅकएंडने द्यायची असते, फ्रंटएंडमध्ये डोकं आपटून उपयोग नाही. गिटवर नोड मॉड्यूल्सचं (उतरवून घेतलेल्या लायब्ररींचं) अख्खं फोल्डर चढवणं ही चूक बॅचमध्ये कोणी ना कोणी करतंच. त्याहून वाईट म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड असलेली ईएनव्ही फाइल चढवणं. तसं झालं तर फाइल पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या नोंदीत) ती दिसतच राहते, पासवर्डच बदला.

सुट्टी पडली, ताप आला, दोन दिवस बुडाले, तर आज चालू आहे त्या विषयाला बसा आणि मागचं रविवारी भरा. मागचं पुरं करून मग पुढे जातो म्हणणारा महिन्याभरात दोन्ही हरवतो.

एआयबद्दल. पहिले दोन महिने त्याच्याकडून कोड लिहून घेऊ नका. एररचा अर्थ विचारा, आपला कोड दाखवून खोट काढायला सांगा. वर्गात त्याची मदत चालते, पण मुलाखतीत स्क्रीन शेअर करून समोर लिहायला सांगतात.

सातवी पायरी: प्रोजेक्ट

टू-डू लिस्ट, हवामानाचं अॅप आणि शॉपिंग साइटची नक्कल या तिन्ही गोष्टी मुलाखतकाराने इतक्या वेळा पाहिल्या आहेत की तो नाव वाचून पुढे जातो. तुमच्या माहितीतलं काम घ्या. गावाकडचे असाल तर दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा दूध, प्रत्येक वेळी लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दरपत्रकावरून भाव, आणि दहा दिवसांनी पशुखाद्याची उचल कापून बिल. वरवर सोपं, आत मात्र शिकण्यासारखं बरंच.

भाव फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) साठवलात की गडबड: जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. एका नोंदीत ते कळत नाही, पण तीनशे गवळ्यांच्या बिलात पैसे जुळेनासे होतात. म्हणून रक्कम डेसिमल प्रकारात किंवा रुपयांऐवजी पूर्णांक पैशांत ठेवायची. एकच नोंद दोनदा पडू नये म्हणून शेतकरी, तारीख आणि वेळ यांवर युनिक अट घातलीत, तर गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध आणणाऱ्याची दुसरी नोंद अडकते. अटीत दुधाचा प्रकारही हवा. आणि दरपत्रक १५ तारखेला बदललं तर? जुना दर पुसून नवा लिहिला की मागची बिलं पुन्हा काढताना चुकतात. दराला ‘कधीपासून लागू’ ही तारीख जोडावी लागते. या तीन गोष्टी तुम्हाला का कराव्या लागल्या, एवढं सांगता आलं तरी मुलाखतीची वीस मिनिटं तुमच्या मैदानावर जातात.

दोन चांगले प्रोजेक्ट पुरेत. रोज छोटे कमिट करा. शेवटच्या रात्री एकाच कमिटमध्ये चढवलेला प्रोजेक्ट ढापलेला वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. तो चालू ठेवायला फुकट होस्टिंग घ्याल तर हे ध्यानात ठेवा: रेंडरसारख्या सेवेच्या फुकट योजनेत पंधरा मिनिटं कोणी आलं नाही की सर्व्हर झोपतो आणि उठायला मिनिटभर घेतो. समोरचा तोवर पान बंद करतो. मुलाखतीआधी लिंक स्वतः उघडून ठेवा आणि रिझ्युमेत दोन मिनिटांच्या व्हिडिओची लिंकही द्या.

आठवी पायरी: नोकरी शोधणं

कोर्स संपायची वाट बघू नका. चौथ्या महिन्यापासून अर्ज सुरू करा. रिझ्युमे एक पान. वर प्रोजेक्ट आणि कौशल्यं, खाली जुनी नोकरी, पण ती लपवू नका; ‘चार वर्षं क्वालिटी विभागात, रोजचा रिजेक्शन रिपोर्ट एक्सेलमध्ये’ या ओळीत डेटाचं काम दिसतं. क्लासच्या ड्राइव्हवर विसंबू नका. पासिंग इयरची अट मोठ्या कंपन्यांच्या भरतीत जास्त आडवी येते. वीस-पन्नास माणसांच्या कंपन्यांत मालक स्वतः मुलाखत घेतो आणि तिशीतल्या माणसाची जबाबदारीची जाण त्याला उपयोगाची वाटते. जुन्या क्षेत्रातल्या ओळखींना फोन करा. तुमच्या कारखान्याला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी तुम्हाला माहीत आहे, ते अर्ज करणाऱ्या फ्रेशर्सना माहीत नाही.

मुलाखत कशी खोल जाते ते बघा.

‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये लॉगिन आहे. पासवर्ड कसा साठवला?’
‘हॅश करून.’
‘एनक्रिप्ट का नाही केला?’
‘कारण तो परत वाचायची गरजच नसते, फक्त जुळवायचा असतो.’
‘दोघांचा पासवर्ड सारखाच असेल तर हॅशही सारखा दिसेल का?’

इथे बहुतेक जण अडकतात. हॅश म्हणजे पासवर्डापासून बनवलेली, उलट न फिरवता येणारी अक्षरांची ओळ. बीक्रिप्टसारखी पद्धत प्रत्येक पासवर्डात वेगळं सॉल्ट (आपोआप बनवलेली काही अक्षरं) मिसळते, म्हणून हॅश वेगळे दिसतात. हे उत्तर पाठ करू नका. डेटाबेसमध्ये एकाच पासवर्डाचे दोन युजर तयार करून डोळ्यांनी बघा. प्रोजेक्टमधल्या प्रत्येक भागाला असे तीन ‘का’ स्वतःच विचारून ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्यांचं घोडं बोलण्यापाशी अडतं. प्रोजेक्ट तीन मिनिटांत इंग्रजीत सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा सांगा. असं पंधरा दिवस. व्याकरण चुकलेलं खपून जातं, मध्येच गप्प बसलेलं खपत नाही.

आता खोट्या अनुभवाचं. ‘तीन वर्षं दाखवू, पगारस्लिपा आमच्या’ असं सांगणारे भेटतील, आणि वर्गातलाच कोणीतरी त्यावर लागलेलाही असेल. पार्श्वभूमी तपासणारी कंपनी पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) मागते, आणि तुम्ही कुठल्या महिन्यात कुठे होतात हे त्या खात्यावर दिसतं. तुम्ही खरोखर नोकरी करत होता, म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं नाव तिथे ढळढळीत आहे. रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी पकडलं गेलं तरी काढतात, आणि मग खरा अनुभवही सांगायची सोय राहत नाही.

ऑफर आली की बाँड किती वर्षांचा आणि मोडल्यास रक्कम किती ते वाचा, आणि पगाराचं महिन्याचं विभाजन मागा. रुजू होताना जुनाच यूएएन द्या. नवा निघाला की दोन खाती जुळवण्यात महिने जातात. वर्षाच्या मध्ये रुजू होत असाल तर एप्रिलपासून जुन्या नोकरीत मिळालेला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर ती फक्त आपल्याच पगारावर कर धरते, आणि जुलैत रिटर्न भरताना उरलेला कर व्याजासकट तुमच्याकडून निघतो.